‘सेल बदला’ म्हणणारा कॅमेरा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, आता हे कशाला? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, एकेका लग्नात हजार-दोन हजार फोटो निघतात, मग रोलच्या कॅमेऱ्याचं रडगाणं कोण ऐकणार? पण घर बदलताना, रंग देताना, भावाभावांच्या वाटण्या होताना कपाटातून एखादा जुना कॅमेरा निघतोच. आणि तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. दुकान टाकलं तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका होता. १ मे १९९९ ला आपला जिल्हा झाला. त्याच्या आधीपासून मी लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो आणि दसऱ्याचं प्रदर्शन टिपत आलो आहे. तेव्हा रंगीत रोल धुवायला नांदेडला पाठवावा लागे. सकाळी कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं आणि दोन दिवसांनी स्टँडवर जाऊन उभं राहायचं.

कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘भाऊ, ह्याच्यावर काहीतरी एरर येतंय, जातच नाही.’ दुसरं वाक्यही ठरलेलं. ‘सेल नवे टाकून पाहिले.’

जुन्या काळी ही भानगडच नव्हती. १९७६ मध्ये आलेला पेन्टॅक्स के-१००० घ्या. त्यात सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. शटर सगळं स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर. सेल मेला तरी फोटो निघतो. तो कॅमेरा बिघडला तर आवाजावरून कळायचं, सायकलची चेन उतरल्यावर कळतं तसं. मग कॅमेऱ्यात चिप आली आणि कॅमेरा बोलायला लागला. १९७८ चा कॅननचा ए-१ हा त्यातला सुरुवातीचा. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये लाल आकडे दिसत, आणि कधी कधी आकड्यांच्या जागी ‘ई’ या इंग्रजी अक्षरांची रांगच लुकलुकायची. लोक घाबरून कॅमेरा मुंबईला पाठवायचे. खरं तर त्यात काही तुटलेलं नसे. लेन्सचं छिद्र हाताने बंद करून पाहण्याची एक कळ असते, ती चुकीच्या वेळी दाबली गेली की चिप गोंधळायची. ती कळ जागेवर आणायची, एकावर एक दोन फोटो काढायची जी छोटी खुंटी असते ती सरकवायची आणि वाइंडिंगचा दांडा एकदा फिरवायचा. रोल पुढे सरकत नाही, पण ‘ई’ची रांग गायब होते.

निकॉनच्या रोलवाल्या ऑटोफोकस कॅमेऱ्यांत असाच एक संदेश आहे, ‘एफ-ई-ई’. मध्यंतरी कळमनुरीचा एक मुलगा आला. कॉलेजात शिकणारा. त्याने कुठूनतरी जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स मागवली होती आणि महिनाभर ही तीन अक्षरं पाहून वैतागला होता. मी लेन्सवरची रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ वर नेली आणि बारीक खटका लावून टाकला. संदेश गेला. लेन्सची रिंग त्या आकड्यावर नसली की तो कॅमेरा शटर सोडतच नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं. पोरगा पैसे विचारायला लागला. मी चहा घेतला.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२०२३ च्या दिवाळीनंतर सेनगावकडच्या एक बाई दुकानात आल्या. साठीच्या आसपास. पिशवीतून रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला कॅमेरा काढला. गुंडाळी सोडताच डांबरगोळ्यांचा भपका आला. कॅमेरा एका नामांकित जपानी कंपनीचा. नाव सांगण्याचं कारण नाही, कारण पुढे जे निघालं ते कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात निघू शकतं. वरच्या काचेच्या पट्टीवर बॅटरीचं रिकामं चित्र लुकलुकत होतं. दुसरं काही नाही. बटण दाबलं की आवाज नाही, हालचाल नाही.

त्या म्हणाल्या, ‘दादा, तीनदा सेल आणले. एकदा इथून, दोनदा पोरीनं पुण्याहून पाठवले. तरी हे सेल बदला, सेल बदलाच म्हणतंय.’

मी म्हटलं, ‘ताई, आता हा दुरुस्त करण्यात तितका अर्थ राहिला नाही.’

‘मला कॅमेरा नको. आत रोल आहे.’

त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००५ साली गेले. ते जाण्याच्या महिनाभर आधी कॅमेरा बंद पडला होता. सेल आणायचे राहून गेले आणि मग कॅमेरा कपाटात गेला. आत काय फोटो आहेत ते बाईंनाही आठवत नव्हतं. ‘कुठंतरी गेलो होतो आम्ही, तेवढं ध्यानात आहे.’

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगायचं तर मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझ्या फायद्याची नाही. नव्वदच्या दशकातलं औंढ्याकडचं एक लग्न. नवरीच्या मामाने मुंबईहून कॅमेरा आणला होता आणि तो तिसाव्या फोटोला अडकला. माझ्याकडे आणून दिला. मी तरुण, भोवती पंधरा माणसं, हुशारी दाखवायची हौस. मांडवातल्या उजेडात मी मागचं झाकण उघडलं. उघडल्याबरोबर चूक कळली, पण उजेडाला परत पाठवता येत नाही. तीसच्या तीस फोटो गेले. पुढच्याच महिन्यात नवरीची आजी वारली. त्या रोलमध्ये आजीचा नातीसोबतचा एकुलता एक फोटो होता. मामा दुकानात येऊन एवढंच बोलून गेला. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. आत रोल असेल तर मागच्या झाकणाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आधी बाहेरून जेवढं करता येईल तेवढं करायचं.

कॅमेरा असा का अडून बसतो? आपण बटण दाबतो तेव्हा निमिषभरात बरंच काही घडतं. लेन्सच्या पोटातलं छिद्र, ज्याला आम्ही ॲपर्चर म्हणतो, ते ठरलेल्या मापाला आकसतं. समोरचा आरसा वर जातो. शटरचा पहिला पडदा पळतो, त्यामागून दुसरा. आरसा खाली येतो. मोटर रोल सरकवते आणि शटर पुन्हा ताणून ठेवते. या प्रत्येक कामाचा ‘झालं’ असा इशारा चिपकडे यावा लागतो. एसटीत कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तसंच हे. एक इशारा वेळेत आला नाही की चिप सगळंच थांबवते आणि काचेवर काहीतरी लुकलुकवते. पण कोणता इशारा आला नाही ते मात्र ती सांगत नाही. त्या काळच्या कितीतरी कॅमेऱ्यांत काहीही अडलं तरी बॅटरीचंच चिन्ह दिसतं. बनवणाऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. दहातल्या बहुतेक वेळा दोष सेलचाच असतो. उरलेल्या वेळी माणूस सेल बदलत बसतो.

म्हणून सुरुवात मीही सेलपासूनच केली. या कॅमेऱ्यांना लिथियमचे ३ व्होल्टचे दोन सेल लागतात. मीटर लावला तर दोन्ही ३ व्होल्ट दाखवत होते. इथे पुष्कळ लोक फसतात. कोरा लिथियम सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. नुसता पडून असताना बरोबर ३ दाखवणारा सेल बराच वापरला गेलेला असू शकतो, आणि मोटरचा भार आला की तो बसतो. माझ्याकडे जुन्या लुनाच्या मागच्या दिव्याचा ६ व्होल्टचा एक बल्ब वायर जोडून ठेवलेला आहे. दोन्ही सेल जोडून त्यावर क्षणभर बल्ब लावायचा आणि त्याच वेळी मीटर पाहायचा. व्होल्टेज धाडकन पडलं तर सेल गेला. बाईंचे सेल या परीक्षेत पास झाले. पोरीने चांगले पाठवले होते. (एक सावधगिरी सांगून ठेवतो. याच आकाराचे चार्ज होणारे सेल बाजारात मिळतात. पूर्ण चार्ज झाल्यावर त्यातला एकेक ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे दोन टाकले की ६ च्या जागी ८.४ व्होल्ट होतात, आणि मग कॅमेऱ्याची चिपच जळू शकते.)

सेल चांगले, तर सेलचे पत्रे पाहिले. काळपट झाले होते. पेन्सिलीच्या खोडरबराने घासले, मग स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसले. चित्र लुकलुकतच होतं. लेन्स जिथे बसते तिथे सोनेरी ठिपक्यांची एक रांग असते. त्यातूनच कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतात. आमच्याकडे लग्नाच्या हळदीच्या दिवशी फोटोग्राफरलाही सोडत नाहीत. त्याच हातांनी लेन्स बदलली की तेल आणि हळद त्या ठिपक्यांवर बसते. माझा स्वतःचा कॅमेरा असा दोनदा अडून बसला आहे. म्हणून ते ठिपकेही पुसले. काही फरक नाही.

त्या दिवशी तिथेच थांबलो. बाईंना म्हटलं, चार दिवस ठेवून जा. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ‘उघडणार तर नाही ना?’ असं विचारलं. मामाची गोष्ट यांना कुणी सांगितली की काय असं मला वाटून गेलं.

रात्री दुकान बंद केल्यावर डार्करूममध्ये बसलो. डार्करूम आता नावालाच आहे. तिथे आता फ्रेमांचे पुठ्ठे ठेवतो. पूर्वी लोडशेडिंगच्या दिवसांत अख्खं गावच डार्करूम व्हायचं, तेव्हा तेवढी एक सोय होती. माझ्या डोक्यात दोन शंका होत्या. पहिली शटरची. शटरच्या पात्यांचा धक्का सोसायला आत रबरी फोमसारखा एक मऊ तुकडा असतो. वीस-तीस वर्षांत तो विरघळतो, डांबरासारखा चिकट होतो आणि पात्यांवर पसरतो. १९८७ मध्ये आलेला कॅननचा ईओएस ६५० आणि त्याची भावंडं यांच्याबाबतीत दुरुस्ती करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. मागच्या झाकणाच्या कडेला लावलेला फोम तर सगळ्याच कंपन्यांच्या जुन्या कॅमेऱ्यांत असाच चिकटतो. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे दोन शत्रू. आपल्याकडे उन्हाळ्यात लोखंडी कपाट तापतं आणि पावसाळ्यात आत ओल धरते, तेव्हा दोन्ही शत्रू घरातच. पण शटर पाहायचं तर झाकण उघडावं लागणार, म्हणून ती शंका मी शेवटी ठेवली.

दुसरी शंका लेन्सची. ती तपासायला सोपी आहे. दिवा मालवला, चाचपडत लेन्स काढून बाजूला ठेवली. सेल काढून पुन्हा घातले. लेन्स नसलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

खट झालं, आणि पाठोपाठ मोटरचा घर्र असा आवाज. अंधारात तो आवाज ऐकून मी उठूनच उभा राहिलो. समोरच्या भोकावर झाकणी लावली आणि दिवा लावला. बॅटरीचं चित्र स्थिर होतं, भरलेलं. शेजारी आकडा होता १४.

म्हणजे कॅमेरा ठीक, शटर ठीक, सेल ठीक. अडलेली होती ती लेन्स. उजेडात धरून पाहिली तर छिद्राच्या पात्यांवर तेलाची तकतकी दिसली. लेन्समधलं वंगण वर्षानुवर्षं गरम होऊन पातळ होतं आणि सरकत सरकत पात्यांवर येतं. पाती एकमेकांना चिकटतात. ती हलवणारी मोटर शेंगदाण्याएवढी, तिच्याने ती हलत नाहीत. मग इशारा येत नाही आणि चिप बॅटरीच्या नावाने खडे फोडते. डांबरगोळ्यांनीही थोडा हातभार लावला असेल. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकांत त्यांच्याजवळ कॅमेरा ठेवू नका असं लिहिलेलं असतं, पण माहितीपुस्तक वाचतो कोण? मीही धंद्यात पडल्यावरच वाचलं. आता २००५ मध्ये खरोखर सेल संपले होते की लेन्स तेव्हाच अडकली होती, हे कोण सांगणार.

आता तो १४ चा आकडा. काही कॅमेऱ्यांत रोल टाकल्याबरोबर मोटर तो संपूर्ण बाहेर ओढून घेते आणि मग प्रत्येक फोटोनंतर एकेक फ्रेम परत डबीत घालते. त्यामुळे आकडा वाढत नाही, उतरत जातो. किती उरले ते तो सांगतो. हा कॅमेरा त्यातला. तसलाच माझा एक कॅमेरा होता, त्यात जुना रोल घालून मी खात्री करून घेतली. माझ्या चाचणीपूर्वी आकडा १५ असणार. ३६ चा रोल, म्हणजे २१ फोटो काढून झालेले, आणि ते आधीच डबीच्या आत सुरक्षित. झाकण चुकून उघडलं गेलं असतं तरी बिनवापरलेला भाग गेला असता, गुरुजींचे फोटो बहुतेक वाचले असते. उलट औंढ्याचा तो कॅमेरा दुसऱ्या जातीचा होता. त्यात काढलेले फोटो बाहेर गुंडाळलेले असतात आणि शेवटी एकदमच डबीत जातात. हा फरक तेव्हा मला माहीत नव्हता. माहीत असता तर झाकण उघडलं नसतं, आणि ते उघडायला रात्रीची गोधडी पुरली असती. डोक्यावरून गोधडी घेऊन अंधारात रोल काढणारे फोटोग्राफर त्या काळी काही कमी नव्हते.

अशा कॅमेऱ्यांना बारीक खोलगट बटण असतं, अर्धा राहिलेला रोल परत गुंडाळण्यासाठी. लेन्स अडकलेली असताना ते काम करत नव्हतं. आता टाचणीच्या टोकाने दाबलं. मोटर चालू राहिली, चालू राहिली आणि थांबली. आकडा शून्य झाला. तरीही झाकण मी दिवा मालवूनच उघडलं. मामाची आठवण.

श्रोत्यांमध्ये कुणी हौशी असतील तर एक गोष्ट बजावतो. कॅमेऱ्याला अंगचा फ्लॅश असेल तर वरचं कव्हर खोलायच्या फंदात पडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ राहतो. मला एकदा असा झटका बसला की हातातला स्क्रू ड्रायव्हर समोरच्या काचेवर गेला. काच बदलावी लागली.

रोल निघाला, पण तो धुणार कुठे? आपल्याकडे आता रंगीत रोल धुण्याचं काम होत नाही. कृती अजूनही तीच आहे, सी-४१. पहिल्या द्रावणाचं तापमान ३७.८ अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेवढं असतंच, पण नुसत्या गरम पाण्याने रोल धुतला जात नाही. तो रोल मुलीने पुण्याला नेला. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत डबी मुठीत धरून बसली होती म्हणे.

धुतल्यावर २१ पैकी १३ फोटो दिसण्याजोगे निघाले. धुतल्याशिवाय राहिलेला रोल आतल्या आत धुरकट होत जातो. रंग उतरले होते, सावल्यांमध्ये हिरवट झाक आली होती, वाळू टाकल्यासारखे दाणे होते. आठ फोटो नुसतेच करडे. एक माझ्या चाचणीचा, तो सोडून द्या. ते १३ मुलीने मोठे करून आणले आणि मायलेकी दोघी दुकानात आल्या. सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर उभ्या असलेल्या बाई. औंढ्याच्या देवळासमोर बाई आणि मुलगी. दसऱ्याच्या प्रदर्शनातला आकाशपाळणा, हललेला. शाळेचं अंगण, झेंडावंदनाच्या रांगा. घरासमोरची एक म्हैस, तिचे मात्र तीन फोटो. बाई म्हणाल्या, ‘ती त्याच वर्षी घेतली होती.’

सगळे फोटो गुरुजींनी काढलेले, त्यामुळे ते स्वतः कशातच नाहीत असं मला वाटत होतं. घरात कॅमेरा ज्याच्या हातात, त्याचे फोटो नेहमीच कमी. पण दोन फोटो मुलीने काढलेले निघाले. तेव्हा ती तिसरीत होती. एकात गुरुजींचा पांढरा शर्ट आहे, खिशाला पेन आहे, आणि डोकं वर कापलं गेलेलं आहे. दुसऱ्यात ते पूर्ण आहेत, थोडे वाकून हात पुढे केलेला, बहुतेक बटण कुठे दाबायचं ते सांगत असावेत. बाईंनी तो फोटो काउंटरवर ठेवला आणि पदराने पुसला. त्यावर काही नव्हतं.

मी किती झाले ते सांगितलं, त्यांनी दिले. धंदा आहे, मी घेतले. लेन्स खोलून साफ करण्याइतकी तिची किंमत नव्हती, म्हणून माझ्या खोक्यातली तसलीच एक जुनी लेन्स लावून दिली. मुलगी कॅमेरा पुण्याला घेऊन गेली. मी बजावलं होतं, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, डांबरगोळ्या नकोत, आणि महिन्यातून एकदा रिकामा का होईना खटका दाबत जा.

मध्ये सहा-सात महिने काही नाही. मग एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. ‘काका, ते चित्र परत लुकलुकतंय.’ मी खुर्चीवर बसून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं विचारलं. लेन्स काढून पाहिलीस का? ठिपके पुसलेस का? पत्रे घासलेस का? तिने सगळं करून पाहिलं होतं. अर्धा तास गेला. शेवटी मी विचारलं, सेल कधी बदललेस?

बदललेच नव्हते.